पाण्याचा चढ

आभाळ निरभ्र होतं, ऊन चटचटत होतं आणि नदी चढत होती.

पाऊस पडला होता तो वर, डोंगरात. इथे गावात अंगणातली धूळसुद्धा भिजली नव्हती. त्यामुळे सकाळी नदीच्या पायऱ्या एकेक करून बुडायला लागल्या, तेव्हा धुणं घेऊन आलेल्या बायकांना आधी गंमतच वाटली. मग पाण्याचा रंग बदलला. उपटलेली झुडपं आली, कुणाच्या तरी गोठ्याचं दार आलं, फुगलेली शेळी आली. बायकांनी धुणं तसंच ओलं गोळा केलं आणि घर गाठलं.

नदीच्या बांधाचा मुकादम शाळेच्या दारात आला तेव्हा गणिताच्या बाई मुलांना घरी पिटाळत होत्या. गावाला ती बाई होती. घरात मात्र अजून धाकटीच. लग्न केलं नव्हतं, टेकाडावरच्या घरात आई, दादा आणि वहिनी यांच्याबरोबर राहत होती.

"बाई, आलेखाचा कागद आहे का?" मुकादमानं विचारलं. त्याची पँट गुडघ्यापर्यंत चिखलात माखली होती.

"आहे की. कशाला?"

"पट्टीवाला तापानं फणफणलाय. पुलाच्या खांबावरची पट्टी आज तुम्ही वाचा. आणि मला नुसते आकडे नकोत, आकड्यांनी माझं डोकं फिरतं. रेघ काढून द्या. पाणी गिरणीपाशी बांधावरून कधी उडी मारतंय, तेवढं मला रेघेवरून सांगा."

ती कपाटाकडे वळली. मुकादम दारातच घुटमळला.

"आणि वेळ आली तर बांध कुठे फोडावा लागेल, हे तुम्हाला माहीत आहेच," तो म्हणाला. "म्हणून आधी विचारलं. नको असेल तर नाही म्हणा. मी दुसरं कुणी बघतो."

दुसरं कुणी नव्हतं. ती कागद, फूटपट्टी आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन त्याच्या मागून निघाली.

बांध फोडायचा झाला तर जागा एकच होती, गावाच्या वरच्या अंगाला, नदीच्या वळणावर. तिथून नदीचं जुनं पात्र सुटायचं, गावाला वळसा घालून खाली पुन्हा नदीला मिळायचं. तिथे बांध फोडला की निम्मं पाणी त्या वाटेनं जाणार आणि गाव वाचणार. त्या जुन्या पात्रात आता दादाचा मका उभा होता.

ती जमीन म्हणजे सगळा गोट्यांचा खच. वहिनी लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिथले दगड वेचत होती. पाटीत भरायचे, डोक्यावर घ्यायचे, कडेला नेऊन टाकायचे. तिच्या हाताची नखं कधी वाढलीच नाहीत. कडेला आता छातीएवढी भिंत झाली होती त्या दगडांची, आणि आत पुरुषभर उंचीचा मका. कणसं भरत आली होती. अजून पंधरवडा मिळाला असता तर काढणीच होती.

पुलाजवळ अवजारांची खोली होती. फावडी, घमेली, दोरखंड आणि रिकामी पोती एका बाजूला सारून मुकादमानं टेबल मोकळं करून दिलं. धाकटीनं कागद चार खिळ्यांनी ठोकला. आडव्या अक्षावर वेळ, एका मोठ्या घराला अर्धा तास. उभ्या अक्षावर पाण्याची उंची, एका मोठ्या घराला दहा सेंटीमीटर, म्हणजे बारक्या घराला एक. मग पट्टीवरच्या सहा मीटर चाळीसवर तिनं लाल पेन्सिलीनं कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी रेघ मारली. गिरणीपाशी बांध दबलेला होता; पट्टीवर तेवढं पाणी झालं की तिथून ते आत येणार होतं. गिरणीच्या मागे शाळा, दवाखाना आणि खालच्या आळीची सगळी घरं.

दर अर्ध्या तासानं ती पुलावर जायची, कठड्यावरून वाकून पट्टी वाचायची आणि येऊन एक ठिपका टाकायची. पाणी खांबावर आपटून उसळत होतं, त्यामुळे एखादा ठिपका थोडा वर बसे, एखादा थोडा खाली. पण लांबून बघितलं तर मुंग्यांची रांग चाललीय तसे ते एका ओळीत चालले होते, वर, लाल रेघेच्या दिशेनं.

खाली गिरणीपाशी बांधावर पोती पडत होती. बायका घमेल्यांनी माती आणत होत्या, पुरुष पोती भरून रचत होते. पण बांधाचं पोट आतून भिजलं होतं. वर पोत्यांचा थर चढला की खालची माती तेवढीच बसायची. तासाभराच्या कष्टानंतर उंची जिथल्या तिथे.

बारा वाजता खोलीत गर्दी झाली. गिरणीवाला सगळ्यांत पुढे होता. पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांवर घाम आल्यानं त्याच्या तोंडावर कणकेचे ओघळ उतरले होते.

"काय म्हणते रेघ, बाई?"

धाकटीनं सगळ्या ठिपक्यांच्या मधून फूटपट्टी लावली आणि एक सरळ रेघ ओढली. काही ठिपके वर राहिले, काही खाली.

"हा ठिपका तर सुटलाच की रेघेवरून," गिरणीवाला म्हणाला.

"ती लाट होती. लाटेचा हिशेब धरायचा नाही. रेघेवरचे दोन बिंदू घ्यायचे, एकमेकांपासून लांबचे." तिनं पेन्सिलीचं टोक ठेवलं. "इथे आठ वाजले, पाच मीटर. इथे बारा, पाच मीटर साठ. चार तास आडवं गेलो, साठ वर चढलो. साठाला चारानं भागा."

"पंधरा," मुकादम म्हणाला.

"तासाला पंधरा सेंटीमीटर. हा तिचा चढ. लाल रेघेला अजून ऐंशी बाकी. म्हणजे सव्वापाच, साडेपाच."

दारातून एक सावली आत पडली. दादा आला होता. त्याच्या खांद्यावर रिकामी पोती होती. सकाळपासून तोही गिरणीपाशी माती ओढत होता. त्यानं कागदाकडे बघितलं.

"एवढी उभी काढलीस होय," तो म्हणाला.

"मी नाही काढली, दादा. पाण्यानं काढली."

"तासाला दोन घरं दिलीस. चार दिली असतीस तर हीच रेघ निजली असती."

"निजलेली दिसली असती. चढ तोच राहिला असता. तासाला पंधराच."

"हो, तू शिकलेली आहेस," दादा म्हणाला आणि भिंतीला टेकला.

तेवढ्यात मुकादमाचा फोन वाजला. वरच्या बंधाऱ्यावरचा माणूस होता. त्याचं म्हणणं, डोंगरातला पाऊस थांबलाय, दुपारनंतर उतार लागेल. कधी, ते तो सांगत नव्हता. मुकादमानं फोन खिशात टाकला, टोपी काढून डोकं खाजवलं.

"फोडायला दीड तास लागेल. अंधारात मी कुणाला बांधावर उभं करणार नाही. दीड वाजता पुन्हा बघू. चढ हाच राहिला तर पोती बंद. सगळी माणसं आधी मक्यात घालतो. जेवढी कणसं निघतील तेवढी काढून देऊ, आणि मगच फावडं लावू. कबूल?"

तो दादाकडे बघत होता. दादानं मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाला नाही.

साडेबाराला पट्टीवर पाच त्रेसष्ट झाले. एकला सहासष्ट. दीडला एकोणसत्तर. धाकटीनं तिसरा ठिपका टाकला आणि तिचा हात थांबला. बारानंतरचे ठिपके जुन्या रेघेपासून सुटून खाली वाकले होते. त्यात लाटेचा भाग नव्हता. लाटेचा ठिपका इकडेतिकडे उडतो, हे तर फूटपट्टी लावल्यासारखे बसले होते. तिनं त्यांच्यावरून नवी रेघ ओढली. दीड तासात नऊ. तासाला सहा.

तिला एकदम भूक लागल्याचं जाणवलं. सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

असं का झालं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. बंधाऱ्यावरचा माणूस म्हणाला होता उतार लागेल. तर लागतोय, असं तिनं धरलं. एरवी वर्गात एखाद्या पोरानं रेघ अशी मधेच वाकवली असती तर तिनं त्याला उभं करून कारण विचारलं असतं.

"चढ सहावर आलाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "या चढानं पाणी लाल रेघेला मध्यरात्रीनंतर पोचेल. आणि त्याच्या आत उतार लागणारच आहे. थांबू या."

लोकांनी श्वास सोडला तो ऐकू आला. दादा पुढे आला आणि लहानपणी मारायचा तशी त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली. हात चिखलाचा होता. तिच्या केसांना माती लागली.

"वा!" गिरणीवाला मोठ्यानं म्हणाला. "सकाळपासून सरळ चाललेली रेघ, भावाचं शेत आलं आणि बरोबर वळली. लई लाडकी दिसते."

दोघंतिघं हसले. मुकादम हसला नाही. "पट्टी कुणीही जाऊन बघावी," तो म्हणाला. पण बघायला कुणी गेलं नाही. धाकटीचे कान तापले. ती आत जाऊन टेबलाशी उभी राहिली आणि पेन्सिलीला टोक असतानाही टोक करत बसली. माणसं पुन्हा पोत्यांना लागली. मक्याकडे कुणीच फिरकलं नाही.

दोन वाजता पाच बहात्तर. अडीचला ती पुलावर गेली, वाकली, आणि तिनं पट्टी पुन्हा वाचली. मग डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचली.

पाच एक्याऐंशी.

ती सरळ झाली आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिनं पट्टी सोडून पलीकडच्या काठाकडे बघितलं. तिकडे वीटभट्टी होती. माती काढून काढून भट्टीभोवती मोठमोठे खड्डे पडले होते, काही तर घर मावेल एवढे. आता तिथे एकही खड्डा नव्हता. सगळं सपाट, उन्हात चकाकणारं पाणी, आणि त्यातून रचलेल्या विटांचे माथे तेवढे वर आलेले.

नदी कमी झालीच नव्हती. बारापासून दोनपर्यंत ती पलीकडचे खड्डे भरत होती. ते भरले. आता जाण्यासारखं तिला दुसरीकडे काही उरलं नव्हतं.

खोलीत ती परतली तेव्हा वहिनी डबा घेऊन आली होती. पोत्यांच्या गठ्ठ्यावर बसून पदरानं वारा घेत होती.

"वन्सं, आधी दोन घास खाऊन घ्या. चेहरा बघा कसा झालाय."

धाकटीनं ठिपका टाकला. वहिनी उठून जवळ आली. आजवर तिनं या कागदांकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. घरी वह्या तपासताना धाकटी त्या पसरून बसली की ती लांबूनच जायची, पाय लागू नये म्हणून.

"काय झालं?"

"थांब जरा. तीनचा आकडा येऊ दे."

तीनचा आकडा आला, पाच नव्वद. धाकटीनं दोन, अडीच आणि तीनच्या ठिपक्यांवरून फूटपट्टी लावली. रेघ तिन्हींच्या पोटातून गेली. ओढून झाल्यावर तिनं फूटपट्टी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली. वहिनी कागदावर वाकली होती.

"वन्सं, ही तुम्ही कशी वाचता? मला दाखवा."

"आत्ता?"

"आत्ताच. शेत माझं आहे. दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकून मी नाही घरी जाणार."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं. मग ती उठली आणि वर्गात सांगते तसं, पण हळू आवाजात, सांगू लागली.

"रेघेवरची दोन ठिकाणं धर. हे दोन वाजता. हे तीन वाजता. आता खालच्या ठिकाणापासून आधी सरळ आडवी जा, वरच्याच्या बरोबर खाली येईपर्यंत. किती घरं?"

वहिनीनं झिजलेलं नख कागदावर ठेवलं. "एक. दोन. दोन मोठी घरं."

"आता वर चढ. बारकी घरं मोज."

ती मोजू लागली. मधे एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "अठरा."

"म्हणजे चढ किती?"

"दोनात अठरा." वहिनी थांबली. "एकात नऊ. नऊच ना? मग सकाळी पंधरा म्हणत होता ते जास्त होतं की!" तिच्या आवाजात आशा होती.

धाकटीला ते ऐकवेना. "घरं मोजून भागत नाही, वहिनी. एक घर म्हणजे काय, तेही बघायचं. आडवं एक मोठं घर म्हणजे अर्धा तास."

"मग दोन घरं म्हणजे तास." वहिनीचं नख जागच्या जागी राहिलं. "तासाला अठरा."

"हो."

"सकाळपेक्षा जास्त."

"हो."

"आणि वर, त्या लाल रेघेला, किती उरलं?"

"पन्नास."

वहिनी बोटांच्या पेरांवर मोजू लागली. अठरा. छत्तीस. चोपन्न. चोपन्नवर तिचा अंगठा थांबला. "तिसरा तास पुरा होत नाही."

मुकादम दारात येऊन उभा होता. त्याच्या हातात फोन होता. "बंधाऱ्यावर अजून उतार नाही," तो एवढंच म्हणाला.

वहिनीनं डब्याचं झाकण नीट बसवलं. कागदावर पडलेला मातीचा कण फुंकून उडवला.

"ह्यांना तुम्ही सांगू नका," ती धाकटीला म्हणाली. "मी सांगते."

वळणावर पोचायला दहा मिनिटं लागली. मागून फावडी घेतलेली माणसं येत होती. बातमी त्यांच्या आधीच पोचली असावी, कारण दादा बांधावर मध्यभागी उभा होता, फावडं आडवं धरून. एका बाजूला नदी, हात घातला तर भिजेल एवढी जवळ आलेली. दुसऱ्या बाजूला, खूप खाली, मका. वाऱ्यानं पानं सळसळत होती.

"इथे कुणी फावडं लावायचं नाही," दादा म्हणाला.

"चढ अठरा झालाय," वहिनी म्हणाली.

"कुणी सांगितलं? हिनं? दीड वाजता सहा होता."

"वन्संनी काढला नाही. मी मोजला."

"तू?" तो हसला. वाईट हसला. "तुला घड्याळ तरी—" आणि थांबला, कारण तिची नजर त्याच्यावरून हलली नव्हती. माणसांत कुणीतरी खाकरलं.

"मला घड्याळ कळतं," वहिनी म्हणाली. "दगड वेचताना मला कुणी काही शिकवलं नव्हतं, तेव्हा चाललं. आज मोजायला शिकले तर चालत नाही?"

"अगं, आपलं घर टेकाडावर आहे! आपल्या उंबऱ्याला पाणी लागत नाही. हे बुडवायचं कुणासाठी? ह्याच्या गिरणीसाठी?"

गिरणीवाल्यानं तोंड उघडलं. मुकादमानं त्याच्या दंडाला धरून मागे ओढलं.

वहिनीनं नवऱ्याच्या हातातलं फावडं मागितलं नाही. मागे वळून मुकादमाच्या हातातलं घेतलं, पदर खोचला, आणि दादा उभा होता तिथून चार हात पलीकडे पहिला घाव घातला. माती टणक होती. फावडं नुसतं खणकलं. तिनं दुसरा घातला, तिसरा घातला. ढेकूळ निघालं ते तिनं मक्याच्या बाजूला ढकललं.

दादा बघत राहिला. मग त्यानं आपलं फावडं टाकलं, खांद्यावरची पोती मुठीत धरली आणि उतारावरून घसरत खाली मक्यात शिरला. पानं हलली आणि मिटली. थोड्या वेळानं आतून कणसं मोडल्याचे आवाज येऊ लागले. कट्. कट्. कट्.

आता सगळेच खणायला लागले. दहा-दहा माणसं आळीपाळीनं, आणि वहिनी प्रत्येक पाळीत. धाकटीही लागली. तिच्या तळहातांना पंधरा मिनिटांत फोड आले आणि फुटले. बांधाच्या पोटातली माती काळी, ओली होती, फावड्याला चिकटत होती. साडेचारच्या सुमारास मधे हातभर भिंत राहिली तेव्हा मुकादमानं सगळ्यांना मागे घेतलं.

"हे आहेत आत अजून," वहिनी म्हणाली.

तिनं हाक मारली. मुकादमानं मारली. कट्, कट्, तेवढंच. आणि कुणी काही ठरवायच्या आत त्या उरलेल्या भिंतीच्या बुडातून पाण्याची एक बोटभर धार सुटली. बघता बघता ती मनगटाएवढी झाली.

धाकटी उतारावरून खाली पळाली. मागून कुणीतरी ओरडलं. मक्यात शिरल्यावर तिला काही दिसेना. पात्यांच्या कडा गालांना, मानेला कापत होत्या. आवाज कुठून येतो ते कळत नव्हतं. आणि आता त्यात दुसरा आवाज मिसळला होता, सुपात धान्य पाखडावं तसा, मागून येणारा. पायांखाली गार लागलं. तिनं खाली बघितलं. ताटांच्या बुडाशी फेस फिरत होता.

"दादा!"

तो तिला अगदी हाताच्या अंतरावर सापडला. एक पोतं भरून बांधलेलं, दुसरं अर्धं. दोन्ही हातांनी तो कणसं ओरबाडत होता, कोवळी, जून, जी हाताला लागतील ती. बोटांतून रक्त येत होतं.

"चल."

"हे भरू दे."

"दादा, पाणी आलं."

"दिसतंय मला." पाणी घोट्यावर आलं होतं. त्यानं आणखी एक कणीस मोडलं. मग एकदम तिच्याकडे वळला. "तू दीडला थांब म्हणालीस. सगळं गाव इथे आलं असतं. चाळीस माणसं. तीन तास. अर्धं शेत निघालं असतं, अगं! मला वाचवायला गेलीस ना? बघ काय वाचलं."

अर्ध्या भरलेल्या पोत्याचं तोंड तिनं पिळून धरलं आणि ओढायला लागली. त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं, भरलेलं पोतं पाठीवर टाकलं, आणि दोघं दगडांच्या भिंतीकडे निघाले. भिंतीपाशी पोचेपर्यंत पाणी मांड्यांना लागलं. वहिनी वर उभी होती. तिनं आधी पोती वर घेतली, मग नवऱ्याला हात दिला, मग धाकटीला. मागे बांधाची उरलेली भिंत धडाडून फुटल्याचा आवाज झाला आणि मका एका बाजूला झुकत गेला, सगळा एकदम नाही, ओळीमागून ओळ.

त्या संध्याकाळी पुलावरच्या पट्टीवर पाणी सहा एकोणतीसपर्यंत चढलं. तिथे ते बराच वेळ थांबलं. मग दिवस मावळता मावळता खांबावर ओल्या मातीचा एक पट्टा दिसायला लागला, बोटभर, मग दोन बोटं. बंधाऱ्यावरच्या माणसाचा फोन आला की पाचलाच तिकडे उतार लागला. खालच्या आळीत लोकांनी माळ्यावर चढवलेली अंथरुणं खाली काढली.

टेकाडावरच्या घरात आईनं जेवण वाढलं. दादा जेवला, पण धाकटीशी बोलला नाही. तिनं दिलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. वहिनीनं दिलेलं घेतलं.

सकाळी जुन्या पात्रातलं पाणी स्थिर, तांबूस होतं. मका त्यात आडवा पडला होता. काही ठिकाणी शेंडे वर होते. कणसं कुजायच्या आत हाताला लागतील तेवढी काढली तर निदान गुरांना तरी झाली असती. दादा आणि वहिनी उजाडताच उतरले होते. धाकटी पदर खोचून भिंतीवर आली तेव्हा दोघं कमरेएवढ्या पाण्यात वाकून चाचपत होते. तळाशी हात घालायचा, कणीस शोधायचं, पिळून तोडायचं, पाटीत टाकायचं. पाटी दोरीनं वहिनीच्या कमरेला बांधली होती आणि मागे मागे तरंगत होती.

गिरणीवाला भिंतीच्या पलीकडून आला. आज त्याच्या भुवया काळ्या होत्या. गिरणी बंद होती. तो बराच वेळ एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभा राहिला.

"आत पाणी आलं नाही," तो शेवटी म्हणाला. "कोरडी राहिली गिरणी."

दादानं मान वर केली नाही.

"एकोणतीसलाच थांबलं म्हणे. आणि बंधाऱ्यावर पाचला उतार." गिरणीवाला अडखळला. "म्हणजे काही लोक बोलतायत, फोडला नसता तरी कदाचित... मी नाही म्हणत. लोक बोलतायत."

रात्रभर धाकटीनं हाच विचार केला होता. बांध फुटल्यावर रेघ वाकली. न फुटता ती कुठे गेली असती, ते कोणत्याही कागदावर येणार नव्हतं.

दादा सरळ झाला. कोपरांवरून पाणी गळत होतं. त्यानं गिरणीवाल्याकडे बघितलं, मग त्याच्या पायांतल्या चपलांकडे.

"लोकांना म्हणावं, रेघ बायकोनं मोजलीय माझ्या," तो म्हणाला. "शंका असेल तर तिला येऊन विचारा. आणि तू, एवढा लांब आलायस तर चपला काढ आणि उतर. पाट्या कमी नाहीत."

गिरणीवाल्यानं धाकटीकडे बघितलं, वहिनीकडे बघितलं. वहिनी पाण्यात हात घालून चाचपत होती. त्यानं चपला काढल्या, भिंतीवर शेजारी शेजारी ठेवल्या, पँट वर दुमडली आणि दातांतून हवा ओढत पाण्यात पाय घातला.

धाकटीही उतरली. तळाला गाळ बसला होता, पाय रुतत होते. कालच्या फोडांना पाणी झोंबलं. ती डावीकडच्या शेंड्यांच्या दिशेनं निघाली, तिकडे कुणी गेलं नव्हतं म्हणून.

"तिकडे नको," दादा म्हणाला. पाठ तिच्याकडेच होती. "तिकडे धारेनं खड्डा पडलाय, खोल. माझ्या मागून ये."

ती वळली आणि त्याच्या मागून चालू लागली.